भांडण सणाच्या कामातून निघाले पाहिजे

महोदय,

नाताळ जवळ आला की पुरवण्यांमध्ये ‘सुटीत काय पाहाल’ अशा याद्या येतात. सणाला एकत्र जमणाऱ्या आणि एकमेकांशी अजिबात न पटणाऱ्या कुटुंबांचे विनोदी चित्रपट त्यांत हटकून असतात. त्यांची ओळख मात्र एका ओळीत उरकली जाते: विक्षिप्त नातेवाईक, भरपूर गोंधळ, शेवटी डोळ्यांत पाणी. एवढ्यावरून चांगला चित्रपट कोणता आणि नुसता आरडाओरडा कोणता, हे वाचकाला कळायला मार्ग नाही. या चित्रपटांना एक साधी कसोटी लावता येते. पडद्यावरचे भांडण सणाच्या कामातून निघाले आहे, की बाहेरून आणून तिथे ठेवले आहे? सणाचे काम म्हणजे स्वयंपाक, दिवे, झोपायच्या जागा, भेटवस्तू, आणि कोण कुठे बसणार हे ठरवणे. ज्या दिग्दर्शकाने ही कामे नीट समजून घेतली, त्याला विनोद शोधत फिरावे लागत नाही.

सुरुवात तारखेपासून होते. अमेरिकेत थँक्सगिव्हिंग, म्हणजे कुटुंबाने एकत्र जेवून कृतज्ञता व्यक्त करण्याचा सण, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो. 1941 च्या कायद्याने ते पक्के झाले. शुक्रवारी बहुतेकांना सुटी असते. त्यामुळे माणसे बुधवारी रात्री येतात आणि रविवारी परततात. मधल्या काळात विमाने आणि रस्ते भरलेले असल्याने रागावून निघून जाणेही सोपे नसते. पटकथाकाराला बंद दरवाजा आयताच मिळतो. जोडी फॉस्टरच्या ‘होम फॉर द हॉलिडेज’मध्ये (1995) नुकतीच नोकरी गेलेली नायिका विमानाने बाल्टिमोरला आईवडिलांकडे येते. ती आली त्याच क्षणी तिच्या परतीची वेळही प्रेक्षकाला ठाऊक असते. ही मुदत स्पष्ट नसली की मधला भाग सैल पडतो. मग लेखकाला बर्फाचे वादळ आणावे लागते.

आता टर्की, म्हणजे या सणाच्या जेवणातला अख्खा भाजलेला मोठा पक्षी. बहुतेक पटकथा घसरतात त्या इथेच. सात किलोचा गोठवलेला पक्षी फ्रिजमध्ये सुटायला तीन ते चार दिवस लागतात, कारण दर दोन-सव्वादोन किलोला एक दिवस हे साधारण प्रमाण आहे. गुरुवारच्या जेवणासाठी तो रविवारी किंवा फार तर सोमवारी सकाळी फ्रीझरमधून बाहेर निघाला पाहिजे. ओव्हन सुमारे 165 अंश सेल्सिअसवर ठेवला तर सारण न भरता पावणेचार ते सव्वाचार तास जातात. सारण भरले तर आणखी. मांडीच्या जाड भागाचे आतले तापमान 74 अंशांपर्यंत पोहोचायला हवे, आणि तोवर छातीचा भाग कोरडा पडायला लागलेला असतो. म्हणजे चार वाजता जेवायचे तर रांधणारी व्यक्ती सकाळपासून उभी आहे. ओव्हन एकच, आणि येणारा प्रत्येक पाहुणा गरम करायची काही ना काही वस्तू घेऊन आलेला. सगळे भुकेले, आणि ‘मी काही मदत करू का?’ असे विचारणारा प्रत्येक जण वाटेत उभा. कौटुंबिक भांडणाला याहून दुसरे कारण लागत नाही. तरीही कित्येक चित्रपटांत दुपारी दोनला पक्षी ओव्हनमध्ये जातो आणि चारला सोनेरी होऊन बाहेर येतो. त्या घरात कोणी रांधलेलेच नाही हे तेव्हाच कळते, आणि त्यांच्या चिडण्यावरही विश्वास बसत नाही.

‘पीसेस ऑफ एप्रिल’ (2003) हा पीटर हेजेसचा चित्रपट जवळजवळ सगळा या हिशेबावरच उभा आहे. आईवडिलांना पहिल्यांदा जेवायला बोलावणाऱ्या मुलीचा ओव्हन ऐन सकाळी बंद पडतो आणि ती कच्चा पक्षी घेऊन इमारतीतल्या शेजाऱ्यांची दारे ठोठावत फिरते. तिकडे कुटुंब गाडीतून निघालेले आहे आणि आई आजारी आहे. एकीकडे ओव्हनचे तास, दुसरीकडे रस्त्याचे तास, आणि संकलन या दोहोंमध्ये ये-जा करते. थोड्या पैशांत, डिजिटल व्हिडिओवर केलेल्या या चित्रपटात मुलीला ‘मी बदलले आहे’ असे एकदाही म्हणावे लागत नाही; ती कोणाच्या दारात काय मागते यातूनच ते दिसते.

दिव्यांचेही तसेच. ‘नॅशनल लॅम्पून्स ख्रिसमस व्हेकेशन’मध्ये (1989) बाप घरावर 250 माळा लावतो, प्रत्येकीत 100 दिवे, एकूण 25,000. सगळे घर थंडीत अंगणात उभे राहते आणि दिवे लागत नाहीत. दोष माळांमध्ये नसतोच; प्लग ज्या सॉकेटमध्ये आहे ते घरातल्या एका बटणावर चालते, आणि त्याची बायको ते दाबते तेव्हाच घर उजळते. संख्या आधी सांगितली, श्रम दाखवले, कारण क्षुल्लक ठेवले, म्हणून हसू येते. तो माणूस नुसताच वेडा दाखवला असता तर प्रसंग दोन मिनिटांत संपला असता.

जेवणाचे टेबल हा या चित्रपटांचा कणा, आणि चित्रीकरणाला सगळ्यांत अवघड जागा. ‘होम फॉर द हॉलिडेज’च्या जेवणाच्या प्रसंगाला दहा दिवसांहून अधिक लागले आणि 64 टर्की वापरल्या गेल्या. ही उधळपट्टी नव्हे. आठ-नऊ माणसे बसली की प्रत्येक बोलणाऱ्या जोडीत दोघांना जोडणारी एक स्वतंत्र काल्पनिक रेषा तयार होते. कॅमेरा चुकून त्या रेषेपलीकडे गेला तर दोघे एकमेकांकडे न बघता एकाच दिशेला बघत असल्यासारखे दिसतात. म्हणून बसण्याच्या जागा आधी कागदावर ठरतात. भांडणाऱ्या दोघांना शेजारी बसवले तर कॅमेऱ्याला त्यांच्या फक्त बाजू मिळतात. त्यांना तिरके, समोरासमोर बसवावे आणि मध्ये असा तिसरा ठेवावा ज्याला दोघांचेही पटते आहे. हशा बहुतेक वेळा त्या तिसऱ्याच्या चेहऱ्यावर येतो, आणि तिथे कट, म्हणजे त्या चेहऱ्यावर जाणारा दृश्यबदल, वाक्य संपण्याच्या किंचित आधी पडावा लागतो. संपल्यावर पडला तर प्रेक्षकाला हसायची सूचना दिल्यासारखे होते.

शिवाय प्रत्येक अभिनेत्याचे क्लोज-अप वेगळे घ्यायचे, म्हणजे तेच जेवण पुनःपुन्हा मांडायचे. पेल्यातील पातळी, ताटातला घास, मेणबत्तीची उंची, काटा कोणत्या हातात, हे सगळे जुळले पाहिजे. पूर्ण भाजलेल्या पक्ष्याची कातडी दिव्यांखाली लवकर सुरकुतते, म्हणून पडद्यावरचा पक्षी बऱ्याचदा अर्धवट भाजून वरून रंगवलेला असतो. कापायचा असेल तर मात्र खरा शिजवलेला लागतो आणि प्रत्येक टेकला, म्हणजे चित्रीकरणाच्या दर खेपेला, नवा. ‘होम फॉर द हॉलिडेज’मध्ये भाऊ टर्की कापताना ती उसळून बहिणीच्या मांडीत पडते. असा प्रसंग एका टेकवर सोडून देता येत नाही.

आवाजाची अडचण याहून मोठी. कुटुंब म्हटले की सगळे एकदम बोलणार. पण एकाच्या वाक्यावर दुसऱ्याचे वाक्य ध्वनिमुद्रित झाले की संकलनात ते वेगळे काढता येत नाही. म्हणून क्लोज-अपच्या वेळी बाकीच्यांना गप्प ठेवतात आणि वाक्ये एकमेकांवर नंतर चढवतात. खरोखरच एकदम बोलायचे असेल तर प्रत्येकाला वेगळा माइक आणि एका वेळी किमान दोन कॅमेरे लागतात. सबटायटल वाचून पाहणाऱ्याला यातला बराच भाग मिळत नाही, कारण पडद्याच्या तळाशी दोनच ओळी मावतात. तेव्हा असा प्रसंग दुसऱ्यांदा पाहताना ओळी सोडून द्याव्यात आणि जो बोलत नाही त्याच्याकडे बघावे. चित्रपट तिथे असतो.

पात्रांबद्दल थोडक्यात. सगळेच विक्षिप्त असतील तर विक्षिप्तपणा मोजायला पट्टी उरत नाही. त्यासाठी बाहेरचा माणूस लागतो, ज्याला घरातले जुने काहीच माहीत नाही आणि ज्याला सगळ्यांना काही ना काही सांगावे लागते. ‘द रेफ’मध्ये (1994) हे काम एक चोर करतो. नाताळच्या आदल्या रात्री त्याने ओलीस धरलेल्या नवराबायकोच्या घरी नातेवाईक येतात, आणि त्यांच्यासमोर त्याला विवाह-समुपदेशक व्हावे लागते. ‘द फॅमिली स्टोन’मध्ये (2005) ती मुलाची नवी मैत्रीण आहे. सगळ्यांना नकोशी झालेली ही मुलगी भेट म्हणून प्रत्येकाला त्या घरातल्या आईच्या गरोदरपणाचे एकच छायाचित्र चौकटीत घालून देते, आणि जे दोन दिवसांच्या बोलण्यात जमले नाही ते त्या भेटीने होते. पुन्हा तेच, सणाचेच काम.

शेवटाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. आजारपण हा या चित्रपटांचा नेहमीचा आडमार्ग झाला आहे. कोणाला तरी असाध्य रोग झाला की सगळ्यांना एकमेकांना मिठी मारावीच लागते आणि तासभर उभे केलेले भांडण न सोडवताच मिटते. भांडण ओव्हनवरून होते. मिठी मात्र रोगामुळे. ‘पीसेस ऑफ एप्रिल’मध्ये आजार पहिल्यापासून गाडीत बसलेला आहे, म्हणून तो खटकत नाही, शेवटच्या वीस मिनिटांत उघड होणारा आजार खटकतो. उलट टोकाला इटलीचा ‘पारेंती सेर्पेंती’ (1992) आहे. मारिओ मोनिचेल्लीच्या या चित्रपटात सुल्मोना गावात नाताळाला जमलेल्या मुलांना म्हातारे आईवडील सांगतात की आता आम्हाला तुमच्यापैकी एकाकडे राहायचे आहे. गोष्ट नातवाच्या तोंडून येते. शेवट इथे सांगत नाही. तो भयंकर आहे, पण जेवणाच्या टेबलावरच्या प्रत्येक वाक्याशी प्रामाणिक आहे.

आपल्या यादीत प्रत्येक चित्रपटापुढे कलाकारांची नावे आणि तारे छापले जातात. त्याच जागेत दोन गोष्टी सांगता येतील: भांडण कशावरून पेटते, आणि ते त्याच गोष्टीवर मिटते का. पुढची यादी करणाऱ्यांनी एवढे जरूर पाहावे, ही विनंती.

आपला,
चित्रपट संकलनाच्या कामातील एक वाचक