दर जानेवारीला उगवणारा पाय

खराडी, पुणे
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय संज्या,

तुझा प्रश्न एका ओळीचा होता, "पुतणीला मेडिकल कोडिंगच्या क्लासला घालू का?" मी चार दिवस उत्तर दिलं नाही म्हणून तू फुगून बसलास. बरोबर आहे तुझं. पण 'घाल' लिहायला जावं तर गेली नऊ वर्षं डोळ्यांपुढे येतात, आणि 'नको' लिहावं तर महिनाअखेरीला न चुकता जमा होणारा पगार आठवतो. म्हणून आज रविवार गाठून सविस्तर लिहितोय. दुपारी गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाच.

डी.फार्म झाल्यावर तू स्टँडामागे गाळा घेतलास, मी बी.फार्म करून इकडे आलो. काकूंना अजून वाटतं की मी गोळ्या बनवतो. गोळी काय, गेल्या नऊ वर्षांत मी कामावर एक पेशंटसुद्धा बघितलेला नाही. पेशंट म्हणायचंही नाही आमच्यात, 'मेंबर' म्हणायचं.

काम काय ते नीट सांगतो, कारण क्लासवाले सांगणार नाहीत. अमेरिकेत पासष्टीपुढच्यांना सरकारी विमा असतो, मेडिकेअर, १९६५ च्या कायद्याने आलेला. त्यातली एक वाट खासगी कंपन्यांमार्फत जाते, मेडिकेअर अॅडव्हान्टेज. तिथे सरकार कंपनीला माणशी दरमहा ठरावीक रक्कम देतं, आणि माणूस जितका जास्त आजारी तितकी ती जास्त. मग कोण किती आजारी हे ठरवायचं कसं? डॉक्टरांनी लिहिलेले कागद वाचून त्यातल्या प्रत्येक आजाराला कोड द्यायचा. ते वाचणारे आम्ही. कोडांचं पुस्तक सत्तर हजारांच्या वरचं आहे. त्यात सासरच्यांशी पटत नसेल तर त्यालाही कोड आहे, झेड ६३.१. वहिनींना सांगू नकोस, कराडात रांग लागेल. नवे कोड दर वर्षी १ ऑक्टोबरला लागू होतात. यंदा त्याच दिवशी खंडेनवमी होती. आम्ही कीबोर्डला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि नव्या यादीचं ट्रेनिंग घेतलं.

या कामात पहिल्या दिवशी एकच गोष्ट घोटून घेतात, 'लिहिलं नाही म्हणजे झालं नाही.' डॉक्टरने समोरासमोर तपासून त्या भेटीच्या कागदात आजार लिहिला असेल तरच तो धरायचा. नुसती औषधांची यादी चालत नाही, लॅबचा रिपोर्ट चालत नाही. इन्सुलिन चालू आहे म्हणून डायबेटिस असणारच, असला शहाणपणा करायचा नाही. आणि दर १ जानेवारीला पाटी कोरी. मागच्या वर्षी लिहिलेला आजार या वर्षी परत लिहून यावा लागतो. अगदी कापलेला पायसुद्धा. आमच्या फ्लोअरवरचा हा जुना विनोद आहे, की अमेरिकेत म्हाताऱ्यांचे पाय दर जानेवारीला परत उगवतात.

मला या विनोदाचं हसू यायचं मागच्या पावसाळ्यात बंद झालं. एक चार्ट, म्हणजे एका मेंबरच्या कागदांची फाइल, आला होता, तीनशे चाळीस पानांचा. निम्मी पानं फॅक्सवरून आलेली, तिरकी आणि काळपट. (हो, तिकडे दवाखाने अजून फॅक्स वापरतात.) माणूस कोण, कुठला ते सांगत नाही, सांगायची परवानगीही नाही. पहिल्या वर्षी डायबेटिसने उजवा पाय गुडघ्याखाली काढलेला. दुसऱ्या वर्षी नकली पाय, त्याच्या तक्रारी, जखम, परत माप. त्या डॉक्टरीणबाईंनी एका भेटीच्या शेवटी लिहिलं होतं की आजोबा बागेतले टोमॅटो घेऊन आले. असलं कुणी लिहीत नाही सहसा. तिसऱ्या वर्षी मात्र डॉक्टर बदलला आणि अख्ख्या वर्षात एकच भेट, खोकल्यासाठी. तपासणीत काय लिहिलंय? 'दोन्ही पावलांची नाडी व्यवस्थित, सूज नाही.' म्हणजे छापील साचा. एक बटण दाबलं की धडधाकट माणसाची सगळी तपासणी आपोआप उमटते. पायाचा उल्लेख कुठेच नाही. नकली पायाच्या मोज्यांची ऑर्डर चार्टमध्ये होती, पण ती दुकानदाराची, ती धरता येत नाही.

मी वीस मिनिटं त्या पानावर बसून होतो. तेवढ्यात माझं दिवसाचं टार्गेट चाललं होतं पाण्यात. शेवटी टीएलला, म्हणजे टीम लीडरला, विचारलं. नागपूरची आहे, मनाने फार चांगली. ती म्हणाली, "कागदावर दोन पाय आहेत ना? मग दोन." कापलेल्या उजव्या पायाचा कोड, झेड ८९.५११, मी टाकला नाही. त्या वर्षापुरते आजोबांना दोन पाय.

आणि नियम चूक आहे असंही मला म्हणता येत नाही, ही खरी पंचाईत. कागदावर नसलेले आजार चिकटवून सरकारकडून पैसे उकळले तर तिकडे १८६३ चा कायदा मानगुटीवर बसतो. यादवी युद्धात लिंकनच्या सैन्याला भिकार माल विकणाऱ्यांसाठी केलेला तो कायदा आज विमा कंपन्यांना लागतो. त्यामुळे कडक असायलाच हवं. पण सुटलेल्या कोडांची वेगळी यादी निघते, आणि वर्ष संपायच्या आत कुणी नर्स मेंबरच्या घरी जाऊन तपासून येते. कोड सुटला म्हणून जाते, मोजे विरले म्हणून नव्हे. आता हे वाईट म्हणायचं का? एकट्या म्हाताऱ्याजवळ कुणीतरी तासभर बसतं, हेही खरंच ना. मी त्यावर विचार करणं सोडून दिलंय.

बाकी नोकरीचं म्हणशील तर ठीकच. आम्हाला दिवसपाळी असते, रात्रपाळी कॉलिंगवाल्यांची. मोबाईल बाहेर लॉकरमध्ये. आत कागद नाही, पेन नाही, कुणी काही उतरवून नेऊ नये म्हणून. दिवसभर हॉस्पिटलचे कागद वाचणाऱ्या माणसाला स्वतःच्या बायकोचा फोन आला की नाही ते जेवणाच्या सुट्टीत कळतं. क्वालिटी ९५ टक्क्यांच्या खाली गेली तर इन्सेंटिव्ह कापतात. वरच्या साहेबांची मेल येते की आपण माणसांचं आयुष्य घडवतो. वर्षातून एकदा आरोग्य सप्ताह, त्यात दहा हजार पावलं चालायची स्पर्धा. गेल्या वर्षी जिंकलेला पोरगा पावलं मोजायचा पट्टा पंख्याला बांधत होता म्हणतात.

आता अण्णांचं. हे फोनवर धड बोलता आलं नाही. जूनमध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा तू रात्री दोन वाजता गाडी काढलीस, ते वेगळं. पण नंतर क्लेम नाकारल्याचं पत्र आलं, 'पूर्वीचा आजार लपवला'. मी केसपेपर मागवला आणि पहिल्याच पानावर चूक सापडली. मला दुसरं येतं काय? कॅज्युअल्टीतल्या पोराने लिहिलं होतं, बीपी १० वर्षांपासून. अण्णांचं बीपी निघालं ऑगस्ट २०२३ मध्ये, पॉलिसी मार्च २०२२ ची. मग दहा वर्षं आली कुठून? आईला विचारलं. ती म्हणाली, "अरे, त्याने विचारलं किती वर्षं झाली. मी घाबरलेली. म्हटलं झाली असतील दहा."

तिकडे खरोखर नसलेला पाय कागदावर नाही म्हणून उगवतो, आणि इकडे आईच्या तोंडून घाबरून निघालेली दहा वर्षं कागदावर आली म्हणून खरी होतात. ते नाकारणारं पत्रही कुणीतरी माझ्यासारख्यानेच लिहिलं असणार. माणूस दुष्ट नसणार. त्याचंही टार्गेट असणार.

माझ्या कंपनीचा विमा आई-वडिलांना लागू आहे, पण त्याचे पैसे वेगळे भरावे लागतात. मी ते भरले नव्हते. हे तुला पहिल्यांदाच सांगतोय.

तुझ्या दुकानातली बिलं नसती तर काही खरं नव्हतं. दोन वर्षांमागची बीपीच्या गोळ्यांची, टेल्मिसार्टनची, पहिली पट्टी, अण्णांच्या नावाने, तारखेसकट. ती, आपल्या फॅमिली डॉक्टरांचा दाखला आणि हॉस्पिटलने रडतखडत दिलेलं दुरुस्तीचं पत्र, असं जोडून तक्रार केली. विमा लोकपालाकडे जायचे कागदही तयार ठेवले होते. गेल्या आठवड्यात पैसे आले. हातमोजे, सिरिंज आणि 'इतर' कापून.

तर पुतणी. तिला वाचायचा कंटाळा नसेल आणि शरीरशास्त्र पक्कं असेल तर घाल. क्लास घेणारा नोकरीची हमी देत असेल तर तिथून उठून या. हल्ली निम्मे कोड सॉफ्टवेअरच सुचवतं आणि आम्ही ते तपासत बसतो, त्यामुळे पुढच्या पाच वर्षांचं मी तिला लिहून देणार नाही. आधी चार दिवस आमच्याकडे राहायला पाठव. सुमनही हेच काम करायची, आता सोडलंय. ती माझ्यापेक्षा खरं सांगेल.

दिवाळीला वसुबारसेच्या रात्री निघतोय. आणि हे बघ, अण्णा गोळ्या न्यायला आले की तू ओळखीने बिल करत नाहीस, मला माहीत आहे. करत जा. एक पट्टी असली तरी कर, आणि तारीख नीट उमटलीय का बघ.

तुझा
नित्या