डिझेल, पेट्रोल की बॅटरी : बाबांच्या हिशोबाच्या वहीसाठी

प्रिय आई, बाबा,

साष्टांग नमस्कार.

नवी गाडी कोणती घ्यायची, हा विषय फोनवर काही धड होत नाही. बाबा अ‍ॅव्हरेज काढतात, आई बॅटरीची धास्ती काढते आणि मी मध्येच आकडे फेकते. तिघंही एकदम बोलतो आणि शेवटी ‘बरं, बघू’ म्हणून फोन ठेवतो. म्हणून लिहून पाठवते आहे. बाबा, तुम्ही वही उघडून बसणार हे गृहीत धरूनच हिशोब सुटा सुटा मांडते.

आधी डिझेल, कारण तुमचं मन तिथे अडकलंय. डिझेल जास्त अ‍ॅव्हरेज देतं हे तुमचं म्हणणं खोटं नाही. पेट्रोलचं इंजिन आतलं मिश्रण दहा-बारा पट दाबतं, डिझेलचं इंजिन हवा पंधरा ते वीस पट दाबतं. त्या दाबानेच ती हवा इतकी तापते की स्पार्क प्लगशिवाय इंधन पेटतं. त्यामुळे तेवढ्याच इंधनातून काम जास्त निघतं. शिवाय लिटरमागे डिझेलमध्ये ऊर्जाही दहाएक टक्के जास्त असते. लांबच्या रस्त्यावर, भरलेल्या गाडीत, रोज शंभर-दीडशे किलोमीटर जाणाऱ्याने डिझेल घेतलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

पण तुमची गाडी जाते कुठे? भाजी, बँक, दवाखाना, आईचं भजनी मंडळ. एका खेपेला तीन-चार किलोमीटर. डिझेलचं इंजिन नीट तापायच्या आत तुम्ही पोचलेले असता. हल्लीच्या डिझेल गाड्यांना धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जळून जायला तिथलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जावं लागतं आणि गाडी काही वेळ सलग, वेगात चालावी लागते. गल्लीबोळात फिरणाऱ्या गाडीला तो योग येतच नाही. फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, मेकॅनिक सांगतो, ‘काका, हायवेला एक चक्कर मारून आणा.’ म्हणजे इंधन वाचवायला घेतलेली गाडी साफ करण्यासाठी इंधन जाळत फिरायचं! फिल्टर बदलायची पाळी आली, तर अ‍ॅव्हरेजमध्ये वाचवलेलं सगळं त्यात जातं.

आणि धूर. इंजिनात तापमान खूप चढलं की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. ती छातीला वाईट. त्यांना आवरण्यासाठी अनेक गाड्यांत युरियाचं द्रावण फवारतात, म्हणजे आणखी एक टाकी भरत राहायची. हे आवरणं इतकं जिकिरीचं की फोक्सवॅगनसारख्या कंपनीने चाचणीपुरता धूर कमी दाखवणारं सॉफ्टवेअरच गाड्यांत बसवलं. २०१५ मध्ये ते उघड झालं तेव्हा जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्या त्यात निघाल्या. त्याआधी २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे पक्का पुरावा असलेल्या, गटात टाकलं होतं. नव्या गाड्यांचा धूर जुन्यांपेक्षा पुष्कळ स्वच्छ आहे हे खरं. पण तो स्वच्छ ठेवणारी सगळी यंत्रणा गरम, धावत्या इंजिनाच्या भरवशावर असते, आणि तुमचं इंजिन बहुतेक वेळ थंडच असणार.

पेट्रोलबद्दल फार लिहीत नाही. पस्तीस वर्षं तुम्ही तेच चालवलंत. इंजिन हलकं, आवाज कमी, दुरुस्ती कुठेही होते. मात्र त्याचंही धूर साफ करणारं यंत्र, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, तापल्याशिवाय कामाला लागत नाही. त्यामुळे सुरू केल्यावरची पहिली काही मिनिटं गाडी सगळ्यात घाण धूर सोडते आणि तुमची अर्धी फेरी त्यातच संपते. अ‍ॅव्हरेज का पडतं म्हणून तुम्ही दर वेळी गॅरेजवाल्याशी वाद घालता ना, त्यात त्याचा फारसा दोष नाही.

आता वही काढा. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे विजेच्या बिलावरचं तेच युनिट. गाडी लिटरला १५ किलोमीटर धावली, तर ९ युनिटांत १५ किलोमीटर. इलेक्ट्रिक गाडी एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते, म्हणजे तेवढ्याच ऊर्जेत साठ. पेट्रोलची बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन बॉनेटखालून आणि नळीतून निघून जाते, तर विजेच्या मोटरमध्ये वाया जाणारा भाग अगदी थोडा. उतारावर किंवा ब्रेक लावताना थोडी वीज परतही बॅटरीत येते.

पण आई, तू विचारलंस ते मला आवडलं : ‘वीज कोळशाचीच ना गं?’ अगदी बरोबर. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, एक लिटर डिझेलचा २.७ किलो. लिटरला १५ धरलं तर पेट्रोलचा किलोमीटरमागे दीडशे ग्रॅम, लिटरला २० धरलं तर डिझेलचा एकशे पस्तीस. कोळशावरच्या एका युनिटमागे जवळजवळ एक किलो निघतो, म्हणजे निव्वळ कोळशावर चार्ज झालेली गाडी किलोमीटरमागे पुन्हा दीडशेच्या आसपासच येते. तेल उपसणं, शुद्ध करणं, टँकरने आणणं याचे वीसेक टक्के पेट्रोल-डिझेलवर चढवले तरी फरक फार मोठा पडत नाही. निम्मी वीज पाणी, वारा, ऊन यांची असेल, तर मात्र इलेक्ट्रिकचा आकडा निम्म्यावर येतो. आणि हा आकडा गाडी न बदलता पुढेही उतरत जाऊ शकतो, पेट्रोलच्या गाडीचा तसा उतरत नाही.

यात अजून बॅटरी धरलेली नाही. ती बनवतानाच एका युनिटच्या क्षमतेमागे ६० ते १०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ३० युनिटांची बॅटरी म्हणजे दोन-तीन टन, गाडी एक मीटरही चालायच्या आधी. निम्मी वीज स्वच्छ धरली आणि पेट्रोलवर ते वीसेक टक्के चढवले, तर पेट्रोलच्या तुलनेत किलोमीटरमागे शंभरेक ग्रॅम वाचतात. म्हणजे ही उधारी फिटायला वीस ते तीस हजार किलोमीटर लागतील. रोज धावणाऱ्या टॅक्सीचं ते वर्षाच्या आतच होतं. तुमचं धावणं वर्षाला चार-साडेचार हजार. तुम्हाला पाच-सात वर्षं लागतील. शेजारच्या काकांना ‘आम्ही पर्यावरणासाठी घेतली’ म्हणून सांगायचं असेल, तर एवढं ध्यानात असू द्या.

बॅटरीचा कच्चा मालही स्वच्छ नाही. जगातलं निम्म्याहून बरंच जास्त कोबाल्ट एकट्या काँगोतून निघतं आणि तिथल्या काही खाणींत लहान मुलं राबतात. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत कोबाल्टही नसतं आणि निकेलही नाही. ती थोडी जड असते, पण आग धरण्याच्या बाबतीत शांत आणि जास्त वेळा चार्ज होणारी. शोरूममध्ये रंगाच्या आधी हे विचारा.

एवढं सगळं लिहूनही माझं मत इलेक्ट्रिकच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण पृथ्वी नव्हे. बाबांचा डावा गुडघा हे कारण आहे. क्लच नाही, गिअर नाही, इंजिन ऑइल नाही. थंड इंजिनाची भानगडच नसल्याने तीन किलोमीटरच्या फेरीला तिची ना नसते. आईला सकाळी गेटपाशी धुराने खोकला येतो, तोही धूर नाही. कार्बनचा हिशोब साऱ्या जगाचा असतो, पण नळीतला धूर आपल्याच दारात राहतो. टायरची धूळ राहीलच, गाडी जड असल्याने कदाचित थोडी जास्तच.

रोजच्या वापराला दोन युनिटं पुरतात, म्हणजे साध्या जाड पिनेच्या प्लगवर तासाभराचं काम. रिकामी बॅटरी पूर्ण भरायला त्याच प्लगवर दहा-बारा तास लागतील, पण ती रिकामी होऊ द्यायचीच कशाला? जलद चार्जरवर ८० टक्क्यांनंतर वेग मुद्दाम कमी होतो, तेव्हा तिथे ताटकळत बसू नका. हायवेवर पेट्रोलचं अ‍ॅव्हरेज वाढतं, हिची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जायचं अंतर, उलट घटते. कागदावरच्या आकड्यातून पाव भाग वजा करूनच प्रवास ठरवा. बॅटरीला बहुतेक कंपन्या आठ वर्षांची वॉरंटी देतात. बाबा, ‘बॅटरी गेली की गाडी गेली’ हे तुमच्या मित्रांचं वाक्य तेवढी वर्षं तरी बाजूला ठेवता येईल.

पार्किंगमध्ये आपल्या मीटरवरून प्लग येणार नसेल, तर मात्र इलेक्ट्रिकचा हट्ट मी धरणार नाही. चार्जर शोधत फिरण्याचं हे वय नाही. मग छोटी ऑटोमॅटिक पेट्रोल किंवा हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाला मोटर-बॅटरीची जोड असलेली, घ्या. आणि सध्याची गाडी अजून दोन वर्षं बरी चालेल असं गॅरेजवाला म्हणत असेल, तर तीच ठेवली तरी इतक्या कमी वापराला काही बिघडत नाही. फक्त डिझेल नको.

तेव्हा आधी एवढं करा. वायरमनला बोलावून पार्किंगपर्यंत वायर येते का आणि अर्थिंग धड आहे का ते बघून घ्या. मंजूर भार किती किलोवॉटचा आहे ते विजेच्या बिलावर असतं, त्याचा फोटो मला पाठवा. टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा आईला मागच्या सीटवर बसवा. काही इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरी तळाशी असल्याने मागचा तळ उंच येतो आणि गुडघे वर घेऊन बसावं लागतं. आई, तुला अवघडलं तर तिथल्या तिथे सांग. बाबांना पिकअप आवडला म्हणून गप्प बसू नकोस.

तुमची,
लेक