खुंटीवरचं हेल्मेट

पुणे,
रविवार, 12 जुलै

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

दर रविवारी गावगप्पा लिहीन म्हणालो होतो, हे त्यातलं पहिलं पत्र. उपदेश करायचा नाही, असं आईने बजावलंय. तर आधी बातम्या.

आई आता मंडईत मेट्रोने जाते. वनाजला बसायचं, सिव्हिल कोर्टला उतरून स्वारगेटची गाडी धरायची. ते खालचं स्टेशन जमिनीखाली 33 मीटर. मेथीच्या दोन जुड्यांसाठी बाई पाताळात जाऊन येते आणि घरी आल्यावर सांगते, पाच रुपये वाचले. तिकिटाचं मी विचारलं नाही. तीस वर्षांच्या संसारात एवढं शिकलोय.

आज 12 जुलै, म्हणजे आजीचं पानशेत. 1961 च्या धरणफुटीचं ते पाणी तिच्या सांगण्यात अजून चढतंच आहे. तुझ्या लहानपणी वाड्याच्या जोत्याला होतं, मग माडीच्या जिन्यात आलं, आज सकाळी कौलांवर. पण पानशेतमागोमाग खडकवासलाही फुटलं, इथवर आली की ती अजूनही गप्प होते.

तुझं हेल्मेट इथेच राहिलंय. चपलांच्या कपाटावरच्या खुंटीला. मंगळवारी तुझी स्कूटर बंगळूरला पाठवायची म्हणून पार्सल ऑफिसात टाकी रिकामी केली, तो माणूस दाभणाने गोणपाट शिवत होता, हँडलला पेंढा, आरशांना चिंध्या. आरशांचीसुद्धा काळजी घेतली गं आपण, आणि डोक्याचं तेवढं राहिलं.

मैत्रिणीचं घालते म्हणालीस. उसनं हेल्मेट म्हणजे उसना चष्मा. शिवाय तुमच्या बंगळूरात 2016 पासून मागे बसणाऱ्यालाही सक्ती आहे, मग ती काय घालणार? आयएसआयचा शिक्का बघ. पट्टा हनुवटीखाली आवळ, नुसतं डोक्यावर ठेवलं तर ती टोपी. झालं, सुरू झालो मी. माफ कर.

प्लॅटफॉर्मवर तू बोललीस ते लागलं, कारण खरं होतं. 2019 च्या जानेवारीत इथे हेल्मेटसक्ती लागू झाली तेव्हा मी पगडी घालून विरोधाला गेलो होतो. पुण्याच्या गर्दीत गाडी तिसाच्या वर जातेच कुठे, हा माझा मुद्दा. मुद्दा अजूनही बरोबर आहे. पण बापूचाही वेग तिसाच्या वर नव्हता. त्याचा अपघात झाला तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. आईला यातलं काही विचारू नकोस.

तुला सायकल शिकवताना मी कॅरियर धरून धावत होतो आणि डहाणूकरच्या त्या गल्लीत न सांगता सोडून दिलं, आठवतं? तू कोपऱ्यापर्यंत गेलीस, वळलीस, घंटी वाजवत परत आलीस. गल्लीतल्या प्रत्येकाला मी ते सांगत सुटलो होतो. तू कोपऱ्याआड गेल्यावर मी धावलो होतो, ते मात्र कुणाला सांगितलं नाही. चप्पल तुटली होती.

हेल्मेट उद्या स्पीड पोस्टने टाकतो. आतली जागा फुकट जाते म्हणून आईने थालीपिठाच्या भाजणीची पिशवी कोंबली आहे. पिशवीचं तोंड मला सैल वाटतंय. डोक्यात घालण्याआधी एकदा उलटं करून झटक.

बाबा