नकाशावर मोकळा दिसणारा देश

विनिपेग, मॅनिटोबा

प्रिय सत्या,

पोरांना कॅनडा शिकवायचाय, तिथं राहतोस तर नीट लिहून पाठव, असं म्हणालास ना, मग घे आता, लांबलचक आहे.

आधी नकाशा. जवळजवळ 99.8 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या तिप्पट, आणि माणसं साधारण 4 कोटी, आपल्या महाराष्ट्राच्या निम्मीसुद्धा नाहीत. त्यातली बहुतेक अमेरिकेच्या बॉर्डरला चिकटून राहतात, कारण वर हडसन बे या उपसागराच्या भोवती कॅनेडियन शील्ड पसरलंय, म्हणजे फार जुना कातळ, हिमयुगातल्या बर्फाने त्याच्यावरची माती खरवडून नेलेली, त्यामुळे शेती फारशी नाहीच, तळी आणि जंगलं. आमच्याकडे प्रेअरी, म्हणजे गवताळ मैदानं, त्यात गहू आणि कॅनोला हे तेलबियांचं पीक, नजर जाईल तिथवर सपाट. जानेवारीत उणे तीस होतं, गाडीच्या बॉनेटमधून एक वायर लोंबत असते, ती रात्री पार्किंगच्या सॉकेटला लावायची, इंजिन गरम राहतं, नाहीतर सकाळी गाडी स्टार्ट होत नाही.

पण नकाशावर हा देश रिकामा दिसतो ना, तसा तो कधीच नव्हता, आणि पोरांना हे एवढं एक जरी कळलं तरी मला बरं वाटेल बघ. 1670 मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने हडसन्स बे कंपनीला सनद दिली, हडसन बेला मिळणाऱ्या सगळ्या नद्यांचा प्रदेश त्या एका कागदावर तिचा झाला. क्री, अनिशिनाबे, इनुइट हे आदिवासी लोक तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, त्यांना कोणी विचारलं नाही. ईस्ट इंडिया कंपनी शिकवशील तेव्हा हिचंही नाव घे, इथे मुख्य धंदा बीव्हर या प्राण्याच्या केसाळ कातड्यांचा होता. पुढे 1 जुलै 1867 ला चार प्रांत मिळून कॅनडा झाला आणि 1870 मध्ये कंपनीचा तो अफाट मुलूख 3 लाख पौंडात देशाला मिळाला, पुन्हा तिथल्या माणसांना न विचारताच.

आता आमच्या गावची गोष्ट. इथे रेड नदीच्या काठाला मेती लोकांची वस्ती होती, आदिवासी आया आणि फ्रेंच किंवा स्कॉटिश व्यापारी बाप यांच्यातून तयार झालेला समाज. 1869 मध्ये सरकारी मोजणीवाले साखळ्या घेऊन त्यांच्या शेतात शिरले, तेव्हा लुई रिएल आणि त्याच्या माणसांनी साखळीवर पाय ठेवून मोजणी थांबवली. रिएल तेव्हा पंचविशीचाच होता रे! मग त्यांनी हंगामी सरकार बनवलं, ओटावाशी, म्हणजे केंद्र सरकारशी, बोलणी केली आणि 1870 मध्ये मॅनिटोबा प्रांत झाला. पण मेतींना कबूल केलेली जमीन बहुतेकांच्या हाती राहिली नाही, पुष्कळ जण पश्चिमेला निघून गेले, तिकडे 1885 मध्ये परत उठाव झाला आणि 16 नोव्हेंबरला रिएलला देशद्रोहाबद्दल रेजायना शहरात फाशी दिलं. आज मॅनिटोबात फेब्रुवारीतला तिसरा सोमवार लुई रिएल डे म्हणून सुट्टी असते. इथल्या सेंट बोनिफेस भागातल्या कॅथेड्रलपुढे त्याची कबर आहे, कोणी पाहुणे आले की मी त्यांना आधी तिथं नेतो.

1871 मध्ये इथल्या आदिवासींबरोबर क्रमांक दिलेल्या करारांतला पहिला करार झाला, ट्रीटी वन. त्या करारापोटी माणशी वर्षाला 5 डॉलर आजही देतात, रक्कम 1875 पासून वाढलेलीच नाही! आणि त्यांच्या पोरांना घरापासून तोडून रेसिडेन्शियल स्कूलमध्ये, म्हणजे निवासी शाळेत, टाकायचे, आपली भाषा बोलली तर मार, दीड लाखाच्या वर मुलं त्यातून गेली, शेवटच्या शाळा 1990 च्या दशकात बंद झाल्या. 2008 मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. हे वर्गात सांगताना वरवर सांगू नकोस.

राज्यकारभार तुला सोपा जाईल, कारण केंद्र बलवान आणि उरलेले अधिकार केंद्राकडे ही रचना आपल्या घटनेत कॅनडावरूनच आली. राष्ट्रप्रमुख राजा, जो ब्रिटनचा तोच कॅनडाचाही, त्याच्या वतीने गव्हर्नर जनरल, खरी सत्ता पंतप्रधानांकडे. सिनेटचे 105 सदस्य निवडून येत नाहीत, नेमले जातात, वयाच्या 75 पर्यंत. प्रत्यक्षात मात्र प्रांत आपल्या राज्यांपेक्षा जास्त ताकदवान, शिक्षण, दवाखाने, जमिनीखालचं तेल सगळं त्यांचं. माझं हेल्थ कार्ड कॅनडाचं नाही, मॅनिटोबाचं आहे. देशाला शिक्षणमंत्री नाहीच!

दहा प्रांत आणि तीन टेरिटरी, म्हणजे आपल्या केंद्रशासित प्रदेशांसारख्या, त्यातली नुनावुत 1999 ला झाली, तिथं बहुसंख्य इनुइट. राजधानी इकालुइटला बाहेरून एकही रस्ता जात नाही, विमान, नाहीतर उन्हाळ्यात बर्फ वितळला की जहाज, त्यामुळे दूध-भाजी भयंकर महाग. आणि इथल्या मॅनिटोबात 2023 पासून प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, आहेत वॉब किन्यू, प्रांताचे प्रीमियर झालेले फर्स्ट नेशन्सचे (इनुइट आणि मेती सोडून बाकीचे आदिवासी) पहिले नेते. निकालाच्या रात्री मी टीव्हीसमोरून हललो नाही.

पोरं काय काय विचारतात ते कळव, त्यांना मी वेगळं उत्तर लिहीन. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिल्या