पेन्सिल आमच्या सासूबाईंच्या हातात देणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानले की तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणून पावसावर बोलायला लागता. म्हणून आता चारचौघांत लिहिते. नाव घालत नाही, रागवाल.

कोल्हापुरातल्या आमच्या कुंभार गल्लीला पंचगंगेचं पाणी नवं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर. दोन्ही वेळा गणपती तोंडावर आलेले आणि घरभर मूर्ती मांडलेल्या. शाडूला पाणी लागलं की हातात गाळच उरतो.

सूचना आल्या नाहीत असं कुणी म्हणू नये. भरपूर आल्या. एका कार्यालयाच्या कागदावर पहिलंच वाक्य सात ओळींचं होतं, आणि शेवटी काय तर ‘आवश्यक ती खबरदारी घेणेबाबत’. अहो, पण करायचं काय? मोबाइलवर राधानगरी धरणातून सोडलेल्या पाण्याचे आकडे येत होते, एका स्वयंचलित दरवाजातून १४२८ क्युसेक. आकडा खरा असेल, पण मूर्ती आज हलवायच्या की उद्या, हे त्यातून आम्ही कसं काढायचं? गल्लीच्या तोंडाला फ्लेक्सही लागला. त्यावर डझनभर हसरे फोटो आणि मदतीचा नंबर मोहरीएवढा.

मग गल्लीसाठी पुराच्या सूचनांचा साधा कागद करायचा म्हणून तालमीच्या पोरांनी तुम्हाला आणलं. छापखान्यात प्रुफं तपासण्यात हयात गेलेला माणूस, मजकूर लिहूनच घेऊन आलात. आम्हाला तो झकास वाटला, पोरं छापायला निघालीसुद्धा. तुम्ही त्यांना थांबवलंत. कोपऱ्यात मूर्तीला पॉलिशपेपर मारत बसलेल्या आमच्या सासूबाईंसमोर मांडी घातलीत, कागद त्यांच्यापुढं धरलात आणि खिशातली पेन्सिल त्यांच्या हातात दिलीत. ‘आक्का, वाचा. अडेल तिथं रेघ मारा.’

चौथी शिकलेली बाई. कुणी कागद पुढं केला की ‘चष्मा घरात हाय’ म्हणून सुटका करून घेते. त्या दिवशी चष्मा नेमका डोळ्यावरच होता. पहिली रेघ त्यांनी अगदी पुसट मारली, तुमच्याकडं बघत बघत. तुम्ही ‘बरोबर’ म्हणालात आणि ते वाक्य तिथल्या तिथं खोडलंत. मग काय विचारता! ‘इशारा पातळी’ गेली, ‘स्थलांतर’ गेलं, जुन्या पुरांचा सबंध परिच्छेद गेला. लिहिलेलं तुमचं, आणि तुमच्या कपाळावर एक आठी नाही. एका ओळीवर त्या रेघ न मारताच थांबल्या. ‘घरातनं निघा म्हंतंय, पर जायचं कुठं?’ ते तुमच्या कागदात नव्हतंच. तुम्ही शाळेचं नाव घातलंत.

उरलं ते एवढंच. बंधाऱ्यावर ३९ फूट झाले की मूर्ती शाळेत हलवा. ४३ फूट झाले की मेन स्विच बंद करा, घर सोडा, शाळेत या. अडलं तर फोन १०७७. कुंकवाच्या बोटाएवढी जाड अक्षरं, लांबून वाचता येणारी.

जुलै २०२४ मध्ये नदीनं ४३ फूट ओलांडले, तेव्हा मूर्ती आधीच शाळेच्या वर्गात होत्या. शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांनी स्वतः उठून मेन स्विच पाडला.

शिकलेली माणसं कोल्हापुरात काही कमी नाहीत. आपलं लिहिलेलं चौथी शिकलेल्या बाईला खोडू देणारा माणूस मात्र मी तुमच्याशिवाय पाहिलेला नाही. ज्यांच्या सात ओळींच्या वाक्यानं आमची दोन वर्षांची कमाई वाहून गेली, त्यांनी एकदा तुमच्याकडं शिकवणीला यावं. येणार नाहीत, ते सोडा.

चिखली-आंबेवाडीच्या पाहुण्यांनी आता तो कागद मागितलाय. त्यांच्याकडं पाणी आमच्या आधी शिरतं, म्हणजे आमचे आकडे तिथं चालायचे नाहीत. तिथल्याच कुणा आक्कासमोर बसून नव्यानं लिहावं लागणार. तुम्ही याल हे मी परस्पर कबूल करून टाकलंय. रिक्षाचं भाडं मात्र या वेळी आम्ही देणार.

तुमची,
कुंभार गल्लीतली सूनबाई