किनाऱ्यावरच्या शस्त्रधारकांनी लेप पारखून घ्यावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मी लष्करात ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रं आणि शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, आर्मरर (शस्त्र-कारागीर) होतो. सिकंदराबादला शिकलो आणि नोकरीची सगळी वर्षं रायफली, कार्बाइन, पिस्तुलं खोलून, पुसून, जोडून देण्यात गेली. निवृत्तीनंतर देवगडला परतलो. आता एका आंबा व्यापाऱ्यासोबत अंगरक्षक म्हणून असतो. हंगामात कोल्हापूरच्या फेऱ्या होतात. कमरेला माझ्या परवान्याचं, सरकारी कारखान्यात बनलेलं, सगळं पोलादी असं .32 (नळीचं माप, इंचात) पिस्तूल असतं. 9 मिलिमीटरचं हत्यार आपल्याकडे सामान्य नागरिकाला मिळत नाही, त्यामुळे बहुतेक परवानाधारकांकडे .32 च दिसेल. आमच्या किनारपट्टीवर अशी हत्यारं गंजून जातात, आणि ती पुन्हा नवी करून घेताना लोक चकाकीला भुलतात. दोन्ही गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर घडल्या आहेत, म्हणून हे पत्र.

पिस्तूल घेतलं तेव्हा त्यावर कारखान्याचं काळं ब्लूइंग होतं. दोन उन्हाळ्यांत स्लाइडच्या (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) ज्या बाजूला अंग लागतं तिथे तपकिरी ठिपके आले. मी रोज पुसत होतो तरीही. एक दिवस कपडे धुताना बायको म्हणाली, "बनियानाक परत गंजाचो डाग पडलो." माझ्या हातात देऊन तिने तो डाग दाखवला. आर्मररच्या घरात असा डाग पडावा याचं मला फार वाईट वाटलं.

ब्लूइंग म्हणजे रंग नव्हे. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या साधारण 140 अंशांच्या उकळत्या द्रावणात पोलाद बुडवलं की त्याचाच वरचा थर काळ्या ऑक्साइडचा होतो. हा थर एक-दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. त्याचा खरा उपयोग तेल धरून ठेवण्याचा. तेल गेलं की ब्लूइंग फार काळ तग धरत नाही. घामात मीठ असतं, वर समुद्राची हवा, आणि पिस्तूल कातडी होल्स्टरमध्ये. कातडं घाम शोषून घेतं आणि तो रात्रभर पोलादाला लावून ठेवतं. म्हणून घरी आलो की पिस्तूल होल्स्टरबाहेर काढायचं, रिकामं आहे याची खात्री करायची आणि कोरड्या सुती कापडात कुलूपबंद ठेवायचं, हा माझा नेम आहे.

पण मालकाचा हात जिथे पोचत नाही तिथे नेम काय कामाचा? 2024 च्या मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली आणि पिस्तूल ठाण्यात जमा झालं. आमच्याकडे मतदान 7 मे रोजी झालं, हत्यार परत मिळालं ते जून उजाडल्यावर. म्हणजे ऐन उकाड्याचे, घामट हवेचे तीन महिने ते तेलाविना पडून राहिलं. कोणत्या ठाण्यात ते लिहीत नाही, कारण तिथल्या अंमलदारांनी माझ्यासमोर चिठ्ठी बांधून ते नीट ठेवलं होतं. पण खोली ओलसर होती. परत मिळालं तेव्हा स्लाइडच्या वरच्या बाजूला गंजाने खड्डे पाडले होते. ठिपका पुसता येतो, खड्डा पुसता येत नाही. नवा लेप लावायचा तो असा, की तीन महिने तेलाचा थेंब मिळाला नाही तरी हत्यार वाचलं पाहिजे, हे त्या दिवशी ठरवलं.

पहिल्यांदा मात्र मी फसलोच. एका शहरातल्या परवानाधारक दुकानात पुन्हा ब्लूइंगला दिलं. कारागिराने खड्डे घालवण्यासाठी स्लाइड बफिंगच्या चाकावर इतकी धरली की अनुक्रमांकाचे शेवटचे दोन आकडे जवळजवळ दिसेनासे झाले. शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 8 प्रत्येक परवानाधारकाने पाठ करावं असं आहे. हत्यारावरचा क्रमांक खोडला, पुसला वा बदलला तर तो गुन्हा. शिवाय ज्याच्या ताब्यात असं हत्यार सापडेल त्यानेच ते केलं असं कायदा गृहीत धरतो, तसं नाही हे आपण सिद्ध करायचं. मी त्याच दिवशी स्वतः ठाण्यात गेलो. फ्रेमवरचा (मुठीकडच्या खालच्या सांगाड्यावरचा) क्रमांक शाबूत होता, जुने फोटो होते, दुकानाची पावती होती. जबाब झाला, परवाना शाखेत नोंद झाली. तोवर मला नीट झोप लागली नाही. म्हणून हत्यार दुसऱ्याच्या हातात देताना क्रमांकाचा फोटो तारखेसह काढून ठेवावा, आणि "नंबरावर चाक लावायचं नाही" हे पावतीवर लिहून घ्यावं. तोंडी सांगणं पुरत नाही.

त्यानंतर मी नीट विचार केला. आमच्या मालकांच्या रिव्हॉल्व्हरला चकचकीत निकेल आहे. दिसायला देखणं, पण नळीच्या तोंडाशी त्याची खपली निघाली आणि ओल आत शिरून गंज निकेलच्या खालून पसरत गेला. वरून चमक तशीच होती, त्यामुळे कळलं उशिरा. निकेल वाईट नाही, थर एकसारखा आणि पुरेसा जाड बसला तर चांगलं टिकतं. पण एकदा फाटलं की आतलं दिसत नाही, हा त्याचा दोष.

हार्ड क्रोम, म्हणजे विजेने चढवलेला क्रोमचा कठीण मुलामा, मला मनापासून आवडतं. इतकं कठीण की होल्स्टरच्या घर्षणाने झिजत नाही. पण विजेच्या मुलाम्यात पोलादामध्ये हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं. मुलामा झाल्यावर काही तासांच्या आत दोनशे अंशांच्या आसपास भाजून तो बाहेर काढावा लागतो. स्प्रिंगा आणि एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस बाहेर ओढणारा आकडा) तर या टाकीत घालूच नयेत. मी ज्या कारागिराला विचारलं त्याला भाजणं हा शब्दच नवा होता. मी पिस्तूल उचललं आणि बाहेर आलो.

क्षारस्नानातलं नायट्रायडिंग, म्हणजे वितळलेल्या क्षारांत बुडवून पोलादात नायट्रोजन मुरवणं, सगळ्यात उत्तम, ग्लॉक पिस्तुलांची स्लाइड त्यामुळेच नावाजली. त्यात वेगळा थर चढत नाही, पोलादाचंच अंग कठीण होतं. पण ते होतं साधारण 580 अंशांवर. मुळात कमी तापमानाला पाणी दिलेला (टेम्पर केलेला) भाग त्यात नरम पडू शकतो. तेव्हा हे काम पोलाद कोणतं ते माहीत असलेल्या कारखान्यानेच करावं, मागाहून करायचं नव्हे. शिवाय गाड्यांच्या सुट्या भागांवर अशी प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात तुम्ही पिस्तूल घेऊन जाऊ शकत नाही. कलम 5 प्रमाणे शस्त्राच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. ओळखीचा मुलामावाला आहे म्हणून त्याच्याकडे नेणारे लोक मला भेटले आहेत. त्यांना हात जोडून सांगतो, तसं करू नका. तुम्हीही अडकाल आणि तोही.

अखेर मी निवडलं ते लष्करातलं जुनं फॉस्फेट, आणि त्यावर भट्टीत भाजलेला सिरॅमिक लेप. फॉस्फेटचा पृष्ठभाग खरखरीत आणि सच्छिद्र असतो. तेल पितो तसा रंगही घट्ट धरतो. दुसऱ्या एका परवानाधारक कारागिराने माझ्यासमोर ग्रीस पूर्ण काढली, नळीचं आतलं अंग आणि चेंबर (काडतूस बसतं ती जागा) झाकलं, क्रमांकावर फक्त हलका वाळूचा मारा केला, फॉस्फेट दिलं, फवारा मारला आणि 120 अंशांवर दोन तास भाजलं. हा लेप साधारण 25 मायक्रॉनचा बसतो, म्हणून स्लाइडच्या खाचांत तो पातळ ठेवायला सांगितला. जाड झाला तर स्लाइड अडखळते, आणि अंगरक्षकाच्या हातात अडखळणारं पिस्तूल असण्यापेक्षा गंजलेलं परवडलं. जोडल्यावर रिकामं ठेवून शंभर वेळा स्लाइड ओढून पाहिली, मगच पैसे दिले. रंग मळकट राखाडी आहे. मालकांना आवडला नाही. एका पावसाळ्यानंतर होल्स्टरच्या तोंडाशी कडा थोड्या उघड्या पडल्या आहेत, तिथे मी तेलाचं बोट फिरवतो. गंज नाही, बनियानही स्वच्छ.

निवडणुका येत राहणार आणि हत्यारं जमा होत राहणार. त्याबद्दल तक्रार नाही. जिल्हा प्रशासनाला विनंती एवढीच की जमा करताना होल्स्टर धारकाला परत द्यावं, हत्यार तेल लावून गंजरोधक कागदात गुंडाळून घ्यावं, आणि महिन्यातून एकदा अंमलदारासमोर धारकाला ते पुसू द्यावं. कापड आणि तेल आम्ही घरून आणू.

आपला,
एक निवृत्त हवालदार (आर्मरर),
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग