बाजाराचा दिवस आणि जॉइनिंगची तारीख

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : बी.एस्सी. नर्सिंगचे पर्याय भरताना प्रत्येक कॉलेजपुढे पूर्ण खर्च दाखवण्याबाबत.

साहेब, सविनय नमस्कार.

मी जतमध्ये सेवा केंद्र चालवते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, सातबारा, पीक विमा अशी बारमाही कामं असतात. बारावीचा निकाल लागला की त्यात मुलींचे प्रवेशाचे फॉर्म येतात. उमदी-संखच्या बाजूच्या मुली पहिल्या एसटीनं येतात. त्यांतल्या कितीतरी जणी घरी कानडी बोलतात, माझ्याशी मराठी बोलतात आणि फॉर्म भरतात इंग्रजीत. एकेका मुलीच्या हातात दहावीपासूनचे सगळे कागद घातलेली प्लास्टिकची फाइल असते. केंद्रात गर्दी असली तरी ती फाइल मांडीवरून खाली ठेवत नाहीत.

यात नर्सिंगवाल्या मुली जास्त. आमच्याकडं आजारपण म्हटलं की मिरज. डॉ. वॉनलेस यांनी 1894 साली तिथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून या भागातली माणसं मिरजेची वाट तुडवतायत. आजीच्या ऑपरेशनला सोबत म्हणून गेलेली पोर आठ दिवस वॉर्डात काढते, सिस्टरचं काम बघते आणि परत येऊन म्हणते, मला हेच करायचंय. कुणी करिअर मार्गदर्शन शिबिर घ्यावं लागत नाही.

परीक्षेबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते. पूर्वी नर्सिंगचा प्रवेश डॉक्टरकीच्या ‘नीट’ परीक्षेच्या गुणांवर व्हायचा. 2023 पासून स्वतंत्र सीईटी आली हे चांगलंच झालं. 100 प्रश्न, 90 मिनिटं, भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल अशी प्रत्येकी 20 गुणांची वाटणी, चुकलं तर गुण कापत नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या पोरीला झेपेल अशी ही परीक्षा आहे. पर्सेंटाइलचा, म्हणजे किती टक्के मुलं आपल्या मागं आहेत त्या आकड्याचा, घोळ तेवढा होतो. गेल्या वर्षी एक वडील 81 पर्सेंटाइल म्हणजे 81 टक्के समजून पेढे घेऊन आले. मी पेढा खाल्ला आणि समजावून सांगायचं दुसऱ्या दिवसावर ढकललं.

कागदपत्रांचंही मी लांबवत नाही. नॉन-क्रीमीलेअर पुढच्या 31 मार्चपर्यंत चालणारं हवं, जात पडताळणी हवी, डोमिसाइल हवं, मेडिकल फिटनेस हवा. धावपळ होते, पण काय लागणार ते आधी कळतं म्हणून निभावतं. शिवाय खरं बोलायचं तर त्या धावपळीवर माझंही पोट चालतं. फॉर्म जितका किचकट तितकी माझ्या दारात गर्दी. तरीही हे पत्र लिहितेय, यावरून काय ते समजा.

माझं म्हणणं एकाच पानाबद्दल आहे. मेरिट लिस्ट लागल्यावर कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचं पान उघडतं. त्यावर कॉलेजचा कोड आणि नाव असतं, आणि मुलगी शेजारी स्टुलावर बसून विचारते, "ताई, ह्याला किती लागतील?" मला सांगता येत नाही. वीस वर्षं हा धंदा करतेय, पण या प्रश्नाला मी मान खालीच घालते.

तुम्ही म्हणाल, मुलींना फी माफ आहे. आहे, आणि त्याबद्दल सरकारचे आभार मानायला मला कमीपणा वाटत नाही. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. त्याची बातमी आली त्या दिवशी माझ्याकडं चार आया नुसत्या खात्री करायला आल्या होत्या. पण माफ झाल्या त्या दोन गोष्टी. हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म, अनामत, दवाखान्यात नेणारी बस, पुस्तकं, यांचं काय? शुल्क नियामक प्राधिकरणानं ठरवलेली शिक्षण फी शोधली तर सापडते. बाकीचं ज्याच्या-त्याच्या ऑफिसात फोन करून विचारायचं. फोन उचलला तर उचलला.

त्यातच कराडला आणि सांगलीला अभिमत विद्यापीठांची नर्सिंग कॉलेजं आहेत. जवळची आहेत, लोकांना नावं माहीत आहेत. त्यांचा प्रवेश वेगळ्या वाटेनं होतो आणि तिथं ही माफी लागू नाही, हे दर वर्षी मला नव्यानं समजवावं लागतं. "मुलींना फुकट आहे म्हणतात की सगळीकडं," असं बाप म्हणतो. टीव्हीवर तेवढंच ऐकलेलं असतं.

आता दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. मुलीचं नाव सांगत नाही, कॉलेजचंही नाही.

हुशार मुलगी. आई मेंढ्या सांभाळते, बाप हंगामात तासगावकडं द्राक्षाच्या छाटणीला जातो. पर्याय भरायच्या दिवशी ओटीपी बापाच्या मोबाइलवर जाणार होता. फोन लावला तर तो बागेत. पेस्टिंग चालू, म्हणजे छाटलेल्या काड्यांना औषध लावणं, दोन्ही हात त्याच्या रंगानं भरलेले. तो म्हणाला, "ताई, सहा हाय का नऊ, दिसंना." तिसऱ्या खेपेला आकडा जुळला. मग आम्ही दोघींनी ऐकीव नावांवरून, अंतरावरून आणि थोडंसं देवावर हवाला ठेवून 14 कॉलेजं भरली. पाचव्या नंबरचं लागलं, तीन जिल्हे ओलांडून पलीकडं.

कॉलेजला फोन केला. पलीकडचा माणूस अदबीनं बोलला. फी माफीत बसता, उत्तम, शिक्षण फी नको. बाकीचे 78 हजार, जॉइनिंगच्या वेळी, म्हणजे प्रवेश पक्का करायला कॉलेजात हजर होताना, एकरकमी. त्याची पावती मिळेल का, हे मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आल्यावर बघू." मुदत संपायला दोन दिवस उरले होते.

घरात रोख कुठली असणार? माडग्याळी मेंढ्या होत्या, चांगल्या जातिवंत, बाकदार नाकाच्या. त्यांना भाव येतो, पण बाजारात. आमचा बाजार मुदत संपल्यावर दुसऱ्या दिवशी होता. व्यापाऱ्याला दारात बोलावलं तर त्यानं गरज ओळखली आणि निम्म्यानं मागितल्या. आई रात्री माझ्याकडं आली. म्हणाली, "ताई, एक दिवस वाढवून मिळंल का? मी कुणाला भेटू?" मी तिला काय सांगणार? तारीख संगणकात असते, तिला भेटायला कुणी नसतं. निम्म्या भावात विकूनही रक्कम भरत नव्हती. जागा गेली.

त्या बाजाराला मेंढ्या गेल्याच नाहीत, आईनं नेल्या नाहीत.

साहेब, हॉस्टेल ऐच्छिक आहे असं कुणीतरी तुम्हाला सांगेल. कागदावर असेल. नर्सिंगला पहिल्या वर्षापासून वॉर्डात ड्यूटी असते, सकाळची असते, दुपारची असते, पुढं रात्रीचीही लागते. जतची मुलगी तीन जिल्हे पलीकडं रोज ये-जा करणार आहे का? आणि त्या गावात अठरा वर्षांच्या पोरीला एकटीला खोली कोण देतो? हॉस्टेल हा त्या शिक्षणाचाच भाग आहे, म्हणून त्याचा आकडा शिक्षणाच्या फीशेजारीच दिसायला हवा.

शिष्यवृत्त्यांचंही मला माहीत आहे. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर मीच अर्ज भरते. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, चांगली आहे. पण भत्ता प्रवेश झाल्यावर, अर्ज मंजूर झाल्यावर, खात्यात येईल तेव्हा येतो. जॉइनिंगच्या टेबलावर तो दाखवता येत नाही.

ती मुलगी आता काय करते? तालुक्यातल्याच एका खाजगी दवाखान्यात कामाला आहे. पांढरा कोट घालते, बीपी बघते, सलाइन बदलते, पेशंट तिला सिस्टर म्हणतात. तिच्याकडं कसलीही नोंदणी नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या वहीत नाव असलेली बाई तिथं एकच आहे आणि ती दिवसपाळीला असते. रात्री तुमच्या-आमच्या घरच्या माणसाच्या हातात सुई टोचणारी ही जी पोर आहे, ती चार वर्षं शिकून आलेली असू शकली असती. हात हलका आहे तिचा. माझ्या सासूबाईंना तिनंच सलाइन लावली होती. बरं वाटलं, आणि नंतर रात्रभर भीतीही वाटली.

तर मागणी अशी. पर्याय भरायच्या पानावर, कॉलेजच्या नावासमोर, रुपयांत दोन आकडे लिहा, मराठीत. फी माफीत बसणाऱ्या मुलीला पहिल्या वर्षी एकूण किती लागतील, हा एक. आणि त्यांतले पहिल्या दिवशी किती भरावे लागतील, हा दुसरा. हॉस्टेल-मेससकट. कॉलेजनं हे आकडे फेरी सुरू व्हायच्या आधी लिहून द्यायचे आणि नंतर त्यापेक्षा एक रुपया जास्त मागायचा नाही. मागितला तर मुलीनं कुठं कळवायचं, तो नंबर त्याच पानावर द्या. यासाठी नवा कायदा करावा लागेल असं मला वाटत नाही. देणगी घेण्यावर बंदीचा कायदा 1987 पासून आहे, प्रवेश आणि शुल्क यांच्या नियमनाचा 2015 पासून आहे. संगणकाच्या तक्त्यात दोन रकाने वाढवायचे आहेत. तेवढं काम माझ्याकडं बसणारा बारावी पास पोरगाही दुपारच्या जेवणाच्या आत करून देईल.

कॉलेजवाले म्हणतील, मेसचा खर्च महागाईवर अवलंबून असतो. असतो ना. मग जास्तीत जास्त किती, ते लिहा. छाटणीला जाणारा माणूसही हंगामाआधी एकरी उचल ठरवून घेतो.

हे आकडे दिसले असते तर आम्ही त्या दिवशी 14 कॉलेजं वेगळ्या क्रमानं भरली असती. कदाचित सहाच भरली असती. तिचे मार्क वाया गेले ते तिला कमी पडले म्हणून नाही, आम्ही दोघी आंधळ्यासारखं भरत होतो म्हणून.

आणि जॉइनिंगची मुदत. पहिल्या फेरीला तरी सलग सात दिवस द्या. सातच का, असं अधिकारी विचारतील. त्यांना सांगा, जतला आठवड्याचा बाजार असतो, आटपाडीला असतो, पलीकडं साताऱ्यात दहिवडीलाही असतो. कुठल्याही सात दिवसांत प्रत्येक गावचा बाजार एकदा येतोच. आमच्याकडची बँक तीच आहे. त्या दिवशी जनावर विकलं जातं, उधारी वसूल होते, पाहुण्याकडून हातउसने मिळतात.

तिची धाकटी बहीण यंदा बारावीला आहे. तिलाही नर्सिंगच करायचंय. प्रवेशाला लागणारी 17 वर्षं 31 डिसेंबरला पूर्ण होतात, ते मी आताच मोजून ठेवलंय, जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच टाकून ठेवलाय. मेंढ्या अजून आहेत. पुढच्या पावसाळ्यात ती त्याच स्टुलावर बसेल आणि विचारेल, "ताई, ह्याला किती लागतील?"

तेव्हा पडद्यावर बोट ठेवून दाखवायला मला आकडा हवा आहे.

आपली विश्वासू,
एक सेवा केंद्र चालक,
जत, जि. सांगली